गरम झालेली आऊटबोर्ड मोटर पुन्हा सुरू होत नसेल तर

खाडीकाठच्या बागायतदाराला होडी ही बैलगाडीसारखीच गरजेची असते. पलीकडच्या बेटावरचे नारळ आणायचे, खाजणातील बांधावर माणसे पोहोचवायची, खताची पोती न्यायची, कालवांचे दोर किंवा खेकड्यांचे पिंजरे पाहायचे, ही सारी कामे पाण्यावरून होतात. धरणाच्या जलाशयात पिंजऱ्यात मासे पाळणाऱ्यांनाही रोज दोन-तीन फेऱ्या माराव्या लागतात. अशा होडीच्या मागच्या फळीवर बसविलेली आठ ते पंधरा अश्वशक्तीची आऊटबोर्ड मोटर आता बऱ्याच ठिकाणी दिसते.

या मोटरीची एक तक्रार वारंवार ऐकू येते. सकाळी घाटावर दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला मोटर सुरू होते. अर्धा-पाऊण तास उत्तम चालते. पिंजऱ्यापाशी पोहोचल्यावर ती बंद केली जाते, वीस मिनिटे काम होते आणि मग परत निघताना दोरी ओढून हात दुखतात तरी मोटर दाद देत नाही. तासाभराने मात्र काहीच न झाल्यासारखी सुरू होते. मोटर मेकॅनिककडे नेली तर तेथे ती पहिल्या ओढीला सुरू होते, कारण तोपर्यंत ती थंड झालेली असते. मेकॅनिक कार्बोरेटर साफ करतो, नवा प्लग बसवतो, पैसे घेतो. चार दिवसांनी पुन्हा तेच.

हा दोष शोधण्यात एकच अडचण आहे. तो मोटर गरम असतानाच असतो, थंड झाली की नाहीसा होतो. म्हणून तपासणीही मोटर गरम असताना, ती सुरू होत नाही त्याच वेळी झाली पाहिजे. ती मेकॅनिकला करता येत नाही, आपल्यालाच करावी लागते. त्यासाठी फार ज्ञान लागत नाही. प्लगचा पाना, एक कोरडा प्लग, स्क्रू-ड्रायव्हर आणि चिंधी एवढे सामान होडीत असले की पुरे.

आधी होडी सांभाळावी

मोटर बंद पडली की बहुतेक जण लगेच दोरी ओढू लागतात. तोपर्यंत होडी वाहत असते. ओहोटी लागलेली असेल तर ती खाडीच्या मुखाकडे जाते, आणि मुखाशी जेथे वाळूचा पट्टा आहे तेथे लाटा फुटत असतात. मोटर नसलेली होडी तेथे आडवी झाली तर उलटण्यास वेळ लागत नाही. म्हणून पहिल्यांदा नांगर टाकावा. लहान होडीतही पुरेशा लांबीच्या दोरासह नांगर, दोन वल्ही आणि प्रत्येक माणसामागे एक जीवरक्षक जाकीट असलेच पाहिजे. मोटर कितीही भरवशाची असली तरी वल्ही घरी ठेवून जाऊ नये.

नांगर धरला की दोन गोष्टी पाहाव्यात. मनगटाला अडकवायच्या सुरक्षा दोरीची चकती आपल्या जागी आहे का? काम करताना ती ओढली गेली असेल तर मोटरला ठिणगीच मिळत नाही. गिअर न्यूट्रलमध्ये आहे का? या दोन क्षुल्लक कारणांनी पुष्कळ घाम वाया जातो.

गरम मोटर वेगळी का वागते

मोटर चालू असताना खालचा पंप खाडीचे पाणी सिलिंडरभोवती फिरवतो आणि उष्णता बाहेर नेतो. मोटर बंद करताच पाणी थांबते, पण धातूतील उष्णता तेथेच राहते. पहिली पंधरा-वीस मिनिटे ती झाकणाखाली कोंडून कार्बोरेटर, इंधन पंप आणि नळ्या यांच्याकडे जाते. त्यामुळे मोटर बंद केल्यानंतर हे भाग चालू असतानापेक्षाही जास्त तापतात. चुलीवरून उतरवलेल्या भाताच्या तपेल्यावर झाकण ठेवले की भात आतल्या आत शिजत राहतो, तसाच हा प्रकार आहे.

पेट्रोलचा हलका अंश थोड्या उष्णतेवरच उकळू लागतो. कार्बोरेटरच्या वाटीतील पेट्रोल उकळून आत सांडले तर सिलिंडरमध्ये इंधन जास्त होते. नळीत किंवा पंपात वाफ झाली तर वाटीत पेट्रोल पोहोचतच नाही आणि इंधन कमी पडते. उष्णतेने ठिणगीच्या यंत्रणेतील एखादी तार तुटल्यासारखी झाली तर इंधन योग्य असूनही ते पेटत नाही. म्हणजे लक्षण एकच, पण कारणे तीन, आणि त्यांतील पहिली दोन एकमेकांच्या अगदी उलट. त्यामुळे अंदाजाने उपाय केला तर दोष वाढण्याचीच शक्यता अधिक. इंधन जास्त झालेल्या मोटरचा चोक ओढणे हे त्याचे नेहमीचे उदाहरण. थंड मोटरला चोक लागतो, कारण थंड सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ कमी होते. अर्धा तास चाललेल्या मोटरला तो लागत नाही. सकाळची सवय म्हणून हात चोककडे जातो आणि सुरू होऊ पाहणारी मोटर बुडते.

मोटर कशी आणि केव्हा बंद पडली याची आठवण ठेवावी. चालता चालता अडखळत, दम लागल्यासारखी मंद होत बंद पडली असेल तर संशय इंधनावर घ्यावा. कोणी बटण दाबल्यासारखी एकदम बंद झाली असेल तर ठिणगीवर. बंद केल्यावर लगेच मिनिटभरात सुरू होते, पण पंधरा-वीस मिनिटांनी होत नाही, असे असेल तर साठलेल्या उष्णतेने इंधनाची गडबड केलेली असते. लगेचही होत नाही आणि पूर्ण थंड होईपर्यंत होतच नाही, असे असेल तर कॉइल किंवा इग्निशनचा दुसरा भाग बहुधा दोषी असतो. या खुणा शंभर टक्के खऱ्या ठरतात असे नाही, पण सुरुवात कोठून करायची हे त्यांवरून समजते.

प्लग काढून पाहावा

मोटर सात-आठ ओढींत सुरू झाली नाही तर थांबावे. टाकीकडून येणारी नळी मोटरपासून सोडवावी, झाकण काढावे आणि प्लग खोलावा. सिलिंडर दोन असतील तर दोन्ही प्लग काढून कोणता कोणत्या सिलिंडरचा हे लक्षात ठेवावे. मोटर तापलेली असते, म्हणून हाताला चिंधी गुंडाळावी. विडी-सिगारेट अर्थातच दूर.

प्लगचे टोक पेट्रोलने ओले, टपटपणारे असेल तर इंधन जास्त झाले आहे किंवा ठिणगी पडत नाही. टोक अगदी कोरडे असेल आणि पेट्रोलचा वासही येत नसेल तर इंधन पोहोचत नाही. एवढी एक गोष्ट नक्की कळली की निम्मे काम झाले. माझ्या मते ही एक तपासणी कार्बोरेटर चार वेळा साफ करण्यापेक्षा जास्त उपयोगी आहे.

प्लग ओला असेल तर

प्लग पुसून कोरडा करावा किंवा जवळचा कोरडा प्लग घ्यावा. प्लगची टोपी मोकळी लोंबकळत ठेवून दोरी ओढू नये. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या मोटरीत त्याने यंत्रणा खराब होऊ शकते, शिवाय उडणाऱ्या ठिणगीने पेट्रोलची वाफ पेटू शकते. म्हणून सुरक्षा दोरीची चकती काढावी, टोपीत जुना प्लग घालून तो छिद्रापासून दूर, मोटरच्या धातूला टेकवावा आणि मगच दोरी आठ-दहा वेळा ओढावी. आत साठलेले पेट्रोल फवाऱ्यासारखे बाहेर येईल. नंतर प्लग बसवावा, चकती जागेवर लावावी, चोक पूर्ण उघडा ठेवावा, नळी जोडू नये आणि न्यूट्रलमध्ये थ्रॉटल जितका उघडेल तितका उघडून दोरी ओढावी. भरपूर हवा आत गेल्याने उरलेले पेट्रोल वाहून जाते आणि मोटर पेटते. पेटताच थ्रॉटल कमी करावा, कारण भाराशिवाय मोटर जोरात पळाली तर तिला इजा होते. मग नळी जोडावी.

मोटर अशा रीतीने चालू झाली तर ठिणगी ठीक आहे हेही सिद्ध झाले. आता पेट्रोल जास्त का झाले ते शोधावे. चोकची सवय हे एक कारण वर आलेच. दुसरे कारण इंधननळीवरील रबरी फुगा. सकाळी तो कडक होईपर्यंत दाबायचा असतो. पण गरम मोटरला, फुगा आधीच कडक असताना, पुन्हा जोर लावून दाबला की कार्बोरेटरमधील सुईची झडप दाबाला टिकत नाही आणि पेट्रोल आत सांडते. गरम मोटर सुरू करताना फुग्याला फक्त बोट लावून पाहावे. कडक असेल तर सोडून द्यावे.

तिसऱ्या कारणाकडे फारसे कोणी बघत नाही. ते म्हणजे टाकीच्या झाकणावरील हवेचा लहान स्क्रू. होडी उन्हात उभी असते, टाकीतील पेट्रोल तापते, वाफेचा दाब वाढतो. स्क्रू बंद आणि नळी मोटरला जोडलेली असेल तर तो दाब पेट्रोलला नळीतून ढकलत राहतो आणि शेवटी सुईची झडप उचलून ते मोटरमध्ये उतरते. आपण परत येतो तेव्हा मोटर आधीच बुडालेली असते. यासाठी उन्हात होडी थांबवायची असेल तर नळी मोटरपासून सोडवून ठेवावी, टाकीवर ओले गोणपाट टाकावे आणि पुन्हा जोडण्यापूर्वी स्क्रू हळूच उघडून दाब जाऊ द्यावा.

हे सर्व सांभाळूनही प्लग वारंवार ओला होत असेल तर कार्बोरेटरच्या वाटीतील फ्लोट आणि सुई तपासून घ्यावी. सुईच्या टोकावर गोल चर पडला असेल किंवा खाली वाळूचा कण अडकला असेल तर झडप पूर्ण बसत नाही. फुगा कडक करून मोटर बंदच ठेवावी. बाहेर कोठेही गळती नसताना फुगा थोड्या वेळात मऊ पडला आणि कार्बोरेटरच्या तोंडाशी ओल दिसली तर सुई बदलण्याची वेळ आली असे समजावे.

दोन-स्ट्रोक मोटरीत तेल जास्त पडल्यानेही प्लग ओला व काळा होतो. तेलाचे प्रमाण मोटरच्या पुस्तिकेत दिलेले असते. ते ५०:१ असेल तर १० लिटर पेट्रोलला २०० मि.लि. तेल होते, २५:१ असेल तर ४०० मि.लि. 'एक टोपण जास्त असलेले बरे' हा हिशेब बरा नाही. तेलही पाण्याने थंड होणाऱ्या मोटरींसाठीचे, टीसी-डब्ल्यू ३ दर्जाचे घ्यावे. स्कूटरचे तेल हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी बनविलेले असते. ते येथे वापरल्यास प्लगवर आणि पिस्टनच्या कड्यांवर थर धरतो.

प्लग कोरडा असेल तर

पुन्हा तोच स्क्रू पाहावा. तो बंद असेल तर पेट्रोल संपते तसतशी टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. मोटर दहा-वीस मिनिटे चालून मंदावते व थांबते. आपण झाकण उघडून 'पेट्रोल आहे ना' म्हणून पाहतो, तेवढ्यात हवा आत जाते आणि मोटर सुरू होते. दोष गरमपणाचा वाटतो, पण मोटरचा त्यात काहीच अपराध नसतो. एकच स्क्रू बंद राहिल्याने उभ्या होडीत पेट्रोल जास्त होते आणि चालत्या होडीत कमी.

स्क्रू उघडा असेल तर फुगा हातात घ्यावा. त्यावरील बाण मोटरकडे असला पाहिजे. फुगा उभा धरून, मोटरकडची बाजू वर ठेवून दाबावा. आतल्या झडपा तशा नीट काम करतात. दाबूनही तो कडक होत नसेल तर टाकी आणि फुगा यांच्यामध्ये हवा शिरते आहे किंवा फुग्याची झडप गेली आहे. मोटर चालू असताना तो चपटा होऊन आत ओढला जात असेल तर टाकीकडून येणाऱ्या वाटेत अडथळा आहे. हवेचा स्क्रू आणि टाकीतील शोषण नळीची जाळी साफ करावी. सर्वांत उपयोगी परीक्षा अशी : मोटर मंदावू लागताच सोबत्याला फुगा दाबायला सांगावे. त्याने ती पुन्हा जोर धरत असेल तर मोटरवरील इंधन पंपाचा पडदा कमजोर झाला आहे किंवा जोडात हवा शिरते आहे. पंपाचा पडदा ही स्वस्त वस्तू आहे. त्यासाठी कार्बोरेटर बदलण्याची गरज नाही.

नळ्या आणि जोडांवरील रबरी कडी दरवर्षी वाकवून पाहाव्यात. २०२५ पासून देशात पेट्रोल पंपांवर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्रास मिळते. जुन्या मोटरींतील रबर अशा इंधनासाठी बनविलेले नव्हते. ते फुगते, मऊ होते किंवा तडकते, आणि बाहेरून धड दिसणारी नळी आतून सोलून तिची कपटे जेटमध्ये अडकतात. इथेनॉल पाणीही ओढून घेते. खाडीच्या दमट हवेत अर्ध्या भरलेल्या टाकीत महिना-दोन महिने राहिलेले पेट्रोल वापरू नये. पाणी जास्त झाले तर ते इथेनॉलसह तळाशी वेगळे होते आणि शोषण नळीचे तोंड नेमके तळाशी असते.

हे सर्व ठीक असूनही भर उन्हात थांबल्यावर प्लग कोरडाच राहत असेल तर नळीत किंवा पंपात वाफ अडकली असे समजावे. झाकण काढून ठेवावे, गार पाण्यात भिजवून पिळलेली चिंधी इंधन पंपावर व नळीवर पाच मिनिटे ठेवावी आणि फुगा कडक होईपर्यंत दाबावा. चिंधीचे पाणी कॉइल व तारांवर गळू देऊ नये. यापुढे लांब पल्ला जोरात कापून आल्यावर मोटर लगेच बंद न करता दोन-तीन मिनिटे मंद चालवावी, म्हणजे पाणी फिरून बरीचशी उष्णता निघून जाते. थांब्यावर पोहोचल्यावर झाकण थोडा वेळ उघडे ठेवण्यानेही फरक पडतो.

केरोसिनवर चालणाऱ्या मोटरी

पेट्रोलवर सुरू करून केरोसिनवर चालविण्यासाठी खास बनविलेल्या मोटरी ज्यांच्याकडे आहेत त्यांनी वरील सर्व तपासण्याच्या आधी एकच प्रश्न स्वतःला विचारावा : मोटर बंद करताना कॉक कोणत्या बाजूला होता?

पेट्रोल कडाक्याच्या थंडीतही पेट घेण्याइतकी वाफ देते. केरोसिनला त्यासाठी सुमारे ३५ ते ४० अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि त्याची पूर्ण वाफ होण्यास १५० ते ३०० अंश लागतात. चालती मोटर तेवढी तापलेली असते म्हणून केरोसिन जळते. बंद केल्यावर पाच मिनिटांत पुन्हा सुरू केली तरी कदाचित होईल. पण वीस-पंचवीस मिनिटांनी मोटर हाताला कोमट लागते आणि वाटीत, नळीत, पंपात सगळीकडे केरोसिनच भरलेले असते. ते त्या उष्णतेवर पेटत नाही. दोरी जितकी ओढाल तितका प्लग केरोसिनने माखतो, आणि केरोसिन पेट्रोलसारखे उडूनही जात नाही.

म्हणून थांबण्याच्या जागेच्या आधीच कॉक पेट्रोलवर घ्यावा आणि मार्गातील केरोसिन जळून जाईपर्यंत मोटर चालू ठेवावी. साधारण गतीला दोन-तीन मिनिटे लागतात, मंद गतीला थोडी जास्त. पेट्रोलची बचत म्हणून हे टाळणारे काही जण आहेत. वाचलेले पेट्रोल एका कपापेक्षा जास्त नसते. मोटर केरोसिनवरच अचानक बंद पडली असेल तर कॉक पेट्रोलवर करावा, कार्बोरेटरच्या तळाचा निचरा स्क्रू सैल करून वाटीतील केरोसिन डब्यात काढावे, फुगा दाबून पेट्रोल येईपर्यंत वाट पाहावी, स्क्रू घट्ट करावा आणि कोरड्या प्लगवर मोटर सुरू करावी. डब्यातील केरोसिन पाण्यात ओतू नये. कालवांच्या शेतीजवळ तर मुळीच नाही.

ठिणगी जात असेल तर

प्लग ओला आहे, सिलिंडर साफ केला, कोरडा प्लग घातला, तरीही मोटर एकदाही पेटत नाही. आता ठिणगी पाहावी, आणि ती मोटर गरम असतानाच पाहावी. इंधननळी सोडवलेली असू द्यावी. मूळ प्लग सिलिंडरमध्ये बसवून छिद्र बंद करावे, म्हणजे वाफ बाहेर येणार नाही. दुसरा प्लग टोपीत घालून त्याचा धातूचा भाग मोटरच्या धातूला घट्ट टेकवावा. तो हाताने धरू नये, रबरी मुठीच्या पकडीने धरावा. सोबत्याने दोरी जोरात ओढावी. निळसर, चटचट आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळी, बारीक किंवा मधूनच पडणारी ठिणगी कमजोर. उन्हात ठिणगी दिसत नाही, म्हणून टोपीने सावली करावी.

गरम असताना ठिणगी नाही आणि अर्ध्या तासाने थंड झाल्यावर आहे, एवढे दोनदा दिसले की कार्बोरेटरला पुन्हा हात लावू नये. कॉइल, फ्लायव्हीलखालील चार्ज कॉइल, इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा डबा, किंवा जुन्या पॉइंटच्या मोटरीत कंडेन्सर यांपैकी काहीतरी उष्णतेने निकामी होत आहे. कॉइलमधील केसासारखी बारीक तार तापली की प्रसरण पावते. ती आत कोठे तुटलेली असेल तर गरम असताना टोके अलग होतात, थंड झाली की पुन्हा चिकटतात. मेकॅनिक मल्टिमीटरने कॉइलचा रोध मोजतो. तो थंड असताना बरोबर येतो व 'कॉइल चांगली आहे' असा निर्वाळा मिळतो. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो. म्हणजे ५० अंशांनी तापलेल्या कॉइलचा रोध सुमारे २० टक्के जास्त येणे साहजिक आहे. मात्र गरम असताना काटा अजिबात हलत नसेल किंवा आकडा उड्या मारत असेल तर ती कॉइल गेली. मोजमाप गरम असतानाच घेण्याचा आग्रह धरावा.

दोन सिलिंडरच्या मोटरीला दोन स्वतंत्र, सारख्या कॉइल असतील तर त्यांची अदलाबदल करून पाहावी. दोष कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेला तर नवी कॉइल घेण्यास हरकत नाही. दोन्ही सिलिंडरची ठिणगी एकाच वेळी जात असेल तर दोन कॉइल एकदम बिघडणे संभवत नाही. तेव्हा सुरक्षा दोरीचा स्विच, त्याच्या तारा, चार्ज कॉइल यांकडे जावे. खाऱ्या हवेत स्विचच्या तारांवर हिरवा गंज चढतो आणि त्यातूनच ठिणगी जमिनीत उतरते.

प्लगमधील अंतरही पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या अनेक लहान मोटरींत ते ०.९ ते १ मि.मी. असते, पॉइंटच्या जुन्या मोटरींत ०.५ ते ०.६ मि.मी. वापराने अंतर वाढत जाते आणि तापलेल्या, कमजोर कॉइलला तेवढी उडी मारवत नाही.

मोटर नेमाने गरम होते की जास्तच गरम?

मोटर तापणे वेगळे आणि अति तापणे वेगळे. चालू असताना मागून पडणारी पाण्याची धार रोज पाहावी. ती बारीक किंवा तुटक झाली असेल, वाफ येत असेल, किंवा सिलिंडरच्या डोक्यावर हात क्षणभरही ठेववत नसेल तर वरील सर्व उपाय बाजूला ठेवून थंडाव्याची व्यवस्था आधी दुरुस्त करावी. धारेच्या भोकात मीठ वा चिखल अडकला असेल तर बारीक तारेने मोकळे करावे. शोषण जाळीत प्लास्टिक किंवा गवत अडकते. पंपातील रबरी इंपेलरची पाती वाकून कडक झाली असतील तर तो बदलावा. चिखलाच्या, उथळ पाण्यात चालणाऱ्या मोटरीचा इंपेलर लवकर झिजतो. कोरड्या जमिनीवर मोटर 'फक्त सुरू करून पाहू' म्हणून कधीही चालवू नये, काही सेकंदांतच इंपेलर जळतो. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याच्या पिंपात पाय बुडवून दहा मिनिटे मंद चालविल्यास आतील मीठ निघून जाते.

इंधन ठीक, ठिणगी ठीक, पाणी ठीक, तरी गरम मोटर दोरीला हलकी लागत असेल, म्हणजे ओढताना नेहमीचा जोर जाणवत नसेल, तर सिलिंडरमधील दाब मोजून घ्यावा. दाबही गरम असतानाच, सर्व प्लग काढून व थ्रॉटल पूर्ण उघडून मोजतात. दोन सिलिंडरमधील फरक १० ते १५ टक्क्यांहून जास्त असेल तर कडी झिजली आहेत. चार-स्ट्रोक मोटरीत वाल्वचे अंतर कमी झाले की तापल्यावर वाल्व पूर्ण बसत नाही आणि हेच लक्षण दिसते. ते अंतर बसविणे हे काम तासाभराचे असते, पण मोटर खोलण्याच्या गोष्टी सुरू होण्यापूर्वी त्याची आठवण करून द्यावी लागते. इंधन इंजेक्शनच्या नव्या मोटरींत दाबाचा पंप व संवेदक असतात. तेथे प्लग, हवेचा स्क्रू, फुगा आणि जाळी एवढे स्वतः पाहून बाकी काम कंपनीच्या यंत्रावर तपासून घ्यावे.

मंद चालीचा स्क्रू मात्र आपल्या मनाने फिरवू नये. थंड मोटरवर, पिंपात बसवलेली मंद चाल खाडीत गरम झाल्यावर आणि पंखा गुंतल्यावर टिकत नाही. ती होडी घाटाला घट्ट बांधून, मोटर पूर्ण गरम झाल्यावर, गिअरमध्येच बसवून घ्यावी.

मेकॅनिककडे जाताना 'गरम झाली की चालू होत नाही' एवढेच सांगू नये. किती वेळ चालली, बंद कशी पडली, किती मिनिटांनी पुन्हा झाली, प्लग ओला होता की कोरडा, ठिणगी होती की नव्हती, हे पाच मुद्दे कागदावर लिहून न्यावेत. दुरुस्तीनंतर मोटर दुकानात थंड असताना सुरू करून दाखविली तर ती स्वीकारू नये. मेकॅनिकला होडीत घेऊन खाडीत अर्धा तास फिरवून आणावे, मोटर बंद करावी, वीस मिनिटे थांबावे आणि दोरी त्यालाच ओढायला सांगावी. पैसे त्यानंतर द्यावेत.